लेआउट बदला, पण आधी बोटांकडे बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इंग्रजी टायपिंगसाठी कोलमॅक आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट हे कीबोर्ड लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर याच्या रचना, वापरते हे ओळखीतल्या लोकांना कळल्यापासून मला एकच प्रश्न सारखा येतो, की लेआउट बदलून स्पीड किती वाढला. दुसरं काही कोणी विचारतच नाही. करंगळीची ओढाताण थांबली का, दिवसाच्या शेवटी मनगटं कशी असतात, यातलं काही नाही, फक्त स्पीड. मला वाटतं हा प्रश्नच उलट्या टोकाने धरलाय, आणि त्यामुळे ज्यांनी खरोखर लेआउट बदलायला हवा ते बदलत नाहीत आणि ज्यांना काही गरज नाही ते उगाच महिनाभर झटापट करून परत येतात आणि सगळ्यांना सांगतात की हे सगळं थोतांड आहे. तुमच्या वाचकांत दिवसभर कीबोर्डवर हात असणारे पुष्कळ असणार, त्यांच्यासाठी हे पत्र, जरा लांबलंय पण छापाच.

आधी एक साधी गोष्ट, कारण ती माहीत नसल्यामुळे लोक उगाच घाबरतात. लेआउट हा कीबोर्डमध्ये नसतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा कीबोर्ड कॉम्प्युटरला 'एस दाबला' असं सांगत नाही, अमुक नंबरचं बटण दाबलं एवढंच सांगतो, आणि त्या नंबरला कुठलं अक्षर म्हणायचं हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. म्हणजे बटणांवर छापलेली अक्षरं ही नुसती छापलेली अक्षरं आहेत. सेटिंगमध्ये जाऊन लेआउट बदलला की तोच कीबोर्ड दुसरा होतो, नवीन काही विकत घ्यायला लागत नाही, आवडलं नाही तर पुन्हा दोन क्लिकमध्ये होता तसा. इंग्रजीसाठीचा ड्वोराक नावाचा लेआउट तर विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे आधीपासूनच बसलेला असतो, मॅक आणि लिनक्समध्ये कोलमॅकसुद्धा असतो.

आता क्वर्टीबद्दल, म्हणजे नेहमीच्या कीबोर्डवर छापलेल्या लेआउटबद्दल. लेआउट बदलायचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं, क्वर्टी मुद्दाम हळू टाइप व्हावं म्हणून बनवलाय. हे वाक्य मीसुद्धा शेकडो वेळा ऐकलंय, पण ते इतकं सरळ नाही. ख्रिस्टोफर लॅथम शोल्स या अमेरिकन माणसाने १८६८ मध्ये टाइपरायटरचं पेटंट घेतलं, पुढे रेमिंग्टन कंपनीने १८७४ च्या सुमारास ते मशीन बाजारात आणलं, आणि त्या काही वर्षांत अक्षरांच्या जागा बऱ्याचदा हलल्या. त्या मशीनमध्ये अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या हे खरं, आणि अडकू नयेत म्हणून काही जोड्या लांब ठेवल्या असं म्हणतात, पण मग ई आणि आर शेजारी-शेजारी कसे, इंग्रजीत ही जोडी तर पदोपदी येते. क्योटो विद्यापीठातल्या कोइची आणि मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये मांडलं की सुरुवातीच्या मशीनवर तार ऑपरेटर काम करायचे आणि मोर्सवरून उतरवून घेताना त्यांना काय सोयीचं पडतं त्यावरून बऱ्याच जागा ठरत गेल्या. काहीही असो, माणसाला हळू करायचं म्हणून कोणी बसून हा लेआउट आखला असं म्हणायला फारसा आधार नाही. तो त्या मशीनसाठी आणि त्या वेळच्या कामासाठी जमत गेला, आणि मग मशीन गेलं तरी लेआउट राहिला. क्वर्टीवर टीका करायला एवढं पुरेसं आहे, खलनायक कशाला बनवायचा.

खरी टीका बोटांवरून करता येते. क्वर्टीच्या मधल्या ओळीत, म्हणजे जिथे बोटं टेकलेली असतात त्या होम रोमध्ये, स्वर फक्त एक, ए, आणि तोही डाव्या करंगळीखाली. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारी अक्षरं ई आणि टी, दोन्ही वरच्या ओळीत. ओ आणि आय वर, आर वर, एन खाली. आणि उजव्या हाताच्या सगळ्यात ताकदवान बोटाखाली, हक्काच्या जागी काय, तर जे, जो इंग्रजीत जवळजवळ येतच नाही. उजव्या करंगळीखाली अर्धविराम. आता एक करून बघा, हे पत्र बाजूला ठेवून खरंच करून बघा. भूतकाळी क्रियापदांच्या शेवटी येणारं ई-डी टाइप करा. ई पण डाव्या मधल्या बोटाने आणि डी पण त्याच बोटाने, म्हणजे एक बोट वर जाऊन दाबणार, खाली येऊन परत दाबणार, बाकीची नऊ बसून राहणार. यू-एन तसंच, वरून थेट खालच्या ओळीत, एकाच तर्जनीने. ओ-एल अनामिकेने. 'डिकेड' हा शब्द लिहिताना डी, ई, सी तिन्ही एकाच बोटाने. एकदा हे लक्षात आलं की मग दिसतच राहतं. दिवसाला पाच-दहा ओळी टाइप करणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण ज्याचं पोट टायपिंगवर आहे त्याचं तेच बोट तीच उडी दिवसभर मारत असतं.

हे सगळं ऑगस्ट ड्वोराक या माणसाने फार आधी पाहिलं होतं. वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक, मेहुणे विल्यम डिली यांच्याबरोबर त्यांनी ड्वोराक लेआउट केला आणि १९३६ मध्ये पेटंट मिळालं. पाचही स्वर डाव्या हाताला मधल्या ओळीत, उजव्या हाताला डी, एच, टी, एन, एस, म्हणजे स्वर-व्यंजन, स्वर-व्यंजन असे दोन्ही हात आलटून-पालटून चालावेत अशी कल्पना. ती कल्पना आजही सुंदर आहे. पण ड्वोराकच्या नावावर जे आकडे फिरतात त्यांच्याकडे जरा जपून बघायला हवं. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलाने केलेल्या चाचणीत ड्वोराकचा मोठा विजय झाल्याचं सांगतात, पण ड्वोराक स्वतः तेव्हा नौदलात अधिकारी होते आणि त्या कामाशी जोडलेले होते. उलट १९५६ मध्ये अमेरिकन सरकारसाठी अर्ल स्ट्राँग यांनी चाचणी घेतली तेव्हा असं दिसलं की जेवढा सराव ड्वोराकवाल्यांना दिला तेवढाच क्वर्टीवाल्यांना दिला तर क्वर्टीवाले मागे पडत नाहीत, आणि सरकारने बदलाचा विचार सोडून दिला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी यावर मोठा वाद घातला, पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये क्वर्टी हे वाईट गोष्ट चिकटून बसण्याचं उदाहरण म्हणून दिलं, तर लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये ते खोडून काढलं. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला तरी असं वाटतं की स्पीडच्या बाबतीत ड्वोराकचा दावा सिद्ध झालेला नाही, आणि हे मान्य करायला ड्वोराकप्रेमींनी लाजायचं कारण नाही.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने आणि केंब्रिजने मिळून २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास केला होता, १ लाख ६८ हजार लोक आणि १३ कोटी ६० लाख कीस्ट्रोक, म्हणजे इतक्या वेळा दाबलेली बटणं. सरासरी स्पीड निघाला मिनिटाला ५२ शब्द. आणि त्यात असं दिसलं की टायपिंगचा कोर्स केलेले आणि न केलेले यांच्या स्पीडमध्ये फारसा फरक नाही, जे खरंच फास्ट आहेत ते मागचं बटण सुटायच्या आधीच पुढचं दाबतात. म्हणजे स्पीड हा बराचसा सरावाचा आणि सवयीचा भाग आहे. क्वर्टीवर तुफान वेगाने टाइप करणारी माणसं आहेत, राहणार. तेव्हा ज्याला फक्त स्पीड हवाय त्याने आहे त्याच लेआउटवर रोज पंधरा मिनिटं न बघता टाइप करायचा सराव करावा, त्याला जास्त फायदा होईल.

मग मी का बदलला, तर हातासाठी. माझं काम दिवसभर टायपिंगचं आहे, आणि क्वर्टीवर माझी बोटं सतत वर-खाली पळत असायची. कोलमॅकवर ती बरीचशी जागेवर असतात. फरक आहे तो एवढाच आहे, आणि माझ्यासाठी तो खूप मोठा आहे. उदाहरण सांगते, इंग्रजीतला सगळ्यात जास्त येणारा शब्द, टी-एच-ई. क्वर्टीवर डावी तर्जनी वर, उजवी तर्जनी आत, मग डावं मधलं बोट वर. कोलमॅकवर टी डाव्या तर्जनीच्या खालीच, ई उजव्या मधल्या बोटाच्या खालीच, फक्त एचसाठी उजवी तर्जनी एक बटण आत सरकते. आणि ही आत सरकण्याची हालचालसुद्धा काहींना खटकते, म्हणून कोलमॅक-डीएच नावाचा प्रकार निघाला, त्यात डी आणि एच खालच्या ओळीत आणलेत, बोट आडवं ताणण्यापेक्षा आत दुमडणं सोपं जातं म्हणून. इथे एक गोष्ट मी अगदी स्पष्ट सांगते, लेआउट हे औषध नाही. मनगटात मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर डॉक्टरकडे जा, खुर्ची-टेबलाची उंची बघा, मध्ये उठा. लेआउट बदलून दुखणं बरं होतं असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

कोलमॅक शाय कोलमन यांनी २००६ मध्ये आणला आणि त्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याने सगळं उलटंपालटं केलं नाही. ड्वोराकमध्ये अक्षरांपैकी फक्त ए आणि एम जागेवर राहतात, बाकी सगळं हलतं. कोलमॅकमध्ये १७ बटणं बदलतात, आणि झेड, एक्स, सी, व्ही आहेत तिथेच, म्हणजे अनडू, कट, कॉपी, पेस्ट डाव्या हाताने जसं चालायचं तसंच चालतं. ज्याने ड्वोराकवर एका हातात माउस धरून कॉपी-पेस्ट करायचा प्रयत्न केलाय त्याला याची किंमत कळेल. मॅकमध्ये यावर तोड म्हणून असा एक ड्वोराक आहे की कमांड दाबलं की तेवढ्यापुरतं क्वर्टी होतं. आणखी एक, कोलमॅकमध्ये कॅप्स लॉकच्या जागी बॅकस्पेस येतो, ही एवढी एकच गोष्ट कोणी क्वर्टीवर राहून केली तरी त्याची उजवी करंगळी दुवा देईल. ड्वोराकवर एल आणि एस दोन्ही उजव्या करंगळीवर येतात, लिनक्सवर काम करणाऱ्यांना फाइलींची यादी बघायला हीच दोन अक्षरं लागतात, त्यामुळे ते फार कुरकुरतात आणि ती कुरकुर रास्त आहे. कुठलाच लेआउट निर्दोष नाही.

आता जे मला खरं सांगायचंय ते. ड्वोराक काय, कोलमॅक काय, हे इंग्रजीसाठी बनलेत. कुठलं अक्षर किती वेळा येतं, कुठल्यामागे कुठलं येतं, हे इंग्रजीवरून मोजून जागा ठरवल्यात. तुम्ही दुसऱ्या भाषेत टाइप करत असाल तर ते गणित लागू होईलच असं नाही. तुर्कस्तानने हे फार आधी ओळखलं, १९५५ मध्ये त्यांनी इहसान सित्की येनेर यांच्या पुढाकाराने तुर्की भाषेच्या अक्षरांवरून एफ कीबोर्ड केला, आणि तुर्की टायपिस्टांनी त्यावर जागतिक स्पर्धा गाजवल्या. फ्रेंच लोकांचा नेहमीचा अझर्टी, पण फ्रेंचच्या अक्षरांवरून बनवलेला बेपो लेआउट वापरणारे बरेच झाले, आणि २०१९ मध्ये फ्रान्सच्या मानक संस्थेने सुधारलेल्या अझर्टीबरोबर बेपोलाही मानकात जागा दिली. म्हणजे लेआउट निवडताना पहिला प्रश्न हा, की माझी बोटं दिवसभर कुठली भाषा लिहितात.

आणि मराठीवाल्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा, कारण आपल्यातले बहुतेक जण मराठी लिहितात ते इंग्रजी अक्षरांतून, ट्रान्सलिटरेशनने. 'समजत' लिहायचं तर एस, ए, एम, ए, जे, ए, टी, सात बटणं, त्यातले तीन ए. एखादा ए गाळला तरी कधीकधी टूल समजून घेतं, कधी घेत नाही, मग खाली येणाऱ्या पर्यायांत डोळे घालून हवा तो शब्द शोधा. मराठी रोमन अक्षरांत लिहिली की तिच्यात ए चा पाऊस असतो, आणि तो ए क्वर्टी, ड्वोराक, कोलमॅक तिन्हींत डाव्या करंगळीवरच आहे, सगळ्यात नाजूक बोटावर. म्हणजे ज्याचं ऐंशी-नव्वद टक्के टायपिंग असं मराठी आहे त्याने कोलमॅक शिकण्यात घालवलेला वेळ त्या करंगळीला काहीच देत नाही. हे मला कोणीतरी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं असं म्हणणारे मला भेटलेत.

तोच 'समजत' इनस्क्रिप्टमध्ये चार बटणं. एमवर स, सीवर म, पीवर ज, एलवर त, झालं. अकार व्यंजनातच असतो, त्याला वेगळं बटण कशाला. इनस्क्रिप्ट भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणला, नंतर सुधारला आणि १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात तो आला. त्याची रचना बघितली की मला ड्वोराक आठवतो, कारण इथेही मात्रा आणि स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, म, न, व अशी काही खालच्या ओळीतली सोडली तर. त्यामुळे व्यंजन-मात्रा, व्यंजन-मात्रा असे हात आपोआप आलटून-पालटून चालतात. क च्या बटणावर शिफ्ट धरला की ख, ग वर शिफ्ट धरला की घ, त वर थ, प वर फ, म्हणजे अल्पप्राण लक्षात राहिला की महाप्राण फुकट मिळाला. मात्रेच्या बटणावर शिफ्ट धरला की तोच स्वर, ि वर इ, े वर ए. पहिलीत बाराखडी म्हटलेल्या कुणालाही हे पाठ करावं लागत नाही, नुसतं ओळखावं लागतं. पहिली वेलांटी व्यंजनानंतर टाइप करायची, आधी क मग ि, जसं आपण उच्चारतो तसं, जुन्या टाइपरायटरवाल्यांना मात्र हे सुरुवातीला फार त्रास देतं कारण त्यांना ती आधी मारायची सवय असते. आणि 'दुसऱ्या'तला ऱ हवा तर र च्या बटणावर शिफ्ट, मग हलंत, मग य, नेमका तोच मिळतो, टूलने काय समजून घेतलं याची वाट बघायला नको. मराठीत ळ आणि ऱ रोज लागतात आणि इनस्क्रिप्टमध्ये ते शिफ्टवर का होईना पण हाताशी आहेत. शिवाय क जिथे मराठीत तिथेच बांगला, गुजराती, तेलुगूमध्येसुद्धा, एक लेआउट शिकला की दुसऱ्या भाषेचा निम्मा शिकून झालेला असतो.

खटकतंही काही. काना मराठीत किती येतो, आणि तो मधल्या ओळीत नाही, वर ईच्या बटणावर आहे, तो जर मधल्या ओळीत असता तर मी आनंदाने नाचले असते. ॅ साठी आकड्यांच्या ओळीपर्यंत बोट न्यावं लागतं, ॉ अगदी उजव्या टोकाला, आणि आजच्या मराठीत बॅग, ऑफिस, कॉल असले शब्द पावलोपावली असल्यामुळे ती खेप वारंवार होते. तरीसुद्धा मराठीसाठी दुसरं काही मी सुचवणार नाही. आणि एक फायदा ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, क्वर्टीवरून कोलमॅकवर जाताना जुनी सवय मध्ये मध्ये कडमडते, बोट जुन्या जागी जातं. देवनागरी बोटांना मुळात येतच नसेल तर मोडायला जुनी सवयच नाही, त्यामुळे इनस्क्रिप्ट त्यामानाने लवकर बसतो. ज्यांना लेआउट बदलण्याची नुसती हौस आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी.

शिकायचं कसं याबद्दल थोडं. बटणांवर स्टिकर लावू नका आणि बटणं उपटून जागा बदलू नका. बघून टाइप करायची सवय लागली तर लेआउट बदलण्याचा निम्मा फायदा गेला, आणि बऱ्याच कीबोर्डची बटणं ओळीप्रमाणे वेगवेगळ्या उंचीची असतात, हलवली की सगळा कीबोर्ड खडबडीत होतो. शिवाय एफ आणि जेवरचे ते उंचवटे, ज्यांना बोट लावून अंधारात हात जागेवर येतो, ते कुठल्याही लेआउटला जागच्या जागी हवेत. लेआउटचं चित्र छापून स्क्रीनच्या खाली लावा, नजर तिथे जाऊ दे. कीबीआरसारखी साइट आधी मोजकीच अक्षरं देते आणि ती जमली की एकेक वाढवते, ते चांगलं आहे. कोलमॅकला जायचं पण एकदम धडकी भरते त्यांच्यासाठी टारमॅक नावाची पायऱ्यांची वाट आहे, पहिल्या पायरीला फक्त ई, एन, के, जे एवढी चारच बटणं हलतात, ती अंगवळणी पडली की पुढची. यात वेळ जास्त लागतो पण रोजचं काम बंद पडत नाही, आणि कामाच्या माणसाला तेच महत्त्वाचं. कामाचा डोंगर असेल, डेडलाइन असेल तेव्हा मात्र सुरू करू नका, सुरुवातीचे आठवडे स्पीड इतका पडतो की साधा ईमेल लिहितानासुद्धा रडू येतं, आणि हे सगळ्यांचं होतं, तुमचंच नाही. क्वर्टी विसरून जाईन अशी भीती बऱ्याच जणांना वाटते. मध्ये काही काळ दोन्ही धड नाहीत असं होतं, पण दोन्ही अधूनमधून वापरत राहिलं तर दोन्ही टिकतात.

फोनवर बदलू नका. तिथे दोन अंगठे, डोळे स्क्रीनवरच, मधली ओळ वगैरे काही नाही, आणि स्वाइप करून लिहिणाऱ्यांना तर स्वर जवळ-जवळ असलेला लेआउट त्रासच देतो, कारण बोटाची रेघ दोन-तीन शब्दांना सारखीच जुळते.

डोकेदुखी होते ती दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, लॉगिन स्क्रीनवर लेआउट क्वर्टी असतो आणि आत गेल्यावर कोलमॅक, किंवा उलट, आणि तीनदा चुकलं की अकाउंट लॉक. लॉगिन स्क्रीनच्या कोपऱ्यात कुठला लेआउट चालू आहे ते दिसतं, आधी तिथे बघायची सवय लावा. ज्यांना सतत वेगवेगळ्या मशीनवर बसावं लागतं त्यांच्यासाठी असे कीबोर्ड मिळतात की लेआउट कीबोर्डच्या आतच साठवता येतो, कॉम्प्युटरला वाटतं क्वर्टीच चाललाय. क्यूएमके हे फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, त्यासाठीच लोकप्रिय आहे.

पण हे स्वतःचा कीबोर्ड घेऊन फिरणाऱ्यांचं झालं, सगळ्यांना ते शक्य नसतं. आणि म्हणून माझी विनंती आहे ती कॉम्प्युटर ज्यांच्या ताब्यात असतात त्यांना, ऑफिसची आयटीवाली मंडळी, कॉलेजच्या लॅब सांभाळणारे, टायपिंगच्या परीक्षा घेणारे. मी काम केलेल्या एका ऑफिसात लेआउट बदलायची सेटिंगच बंद केलेली होती, कारण विचारलं तर सुरक्षा. ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आलेला लेआउट निवडण्यात कुठली सुरक्षा धोक्यात येते हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगितलेलं नाही, बाहेरून सॉफ्टवेअर टाकायला बंदी असू दे, ती समजू शकते. माणसाला खुर्ची वर-खाली करू देता, माउस डाव्या बाजूला ठेवू देता, मग ज्या हाताने तो आठ तास काम करणार त्याला हा एक पर्याय का नको? प्रत्येक युजरच्या लॉगिनला त्याचा लेआउट जोडलेला राहू द्या, दुसरा माणूस बसला की त्याचा, कोणाचं काही बिघडत नाही. परीक्षा घेणाऱ्यांनी कुठले लेआउट चालतील हे अर्ज भरायच्या वेळीच स्पष्ट लिहावं, म्हणजे माणूस त्या तयारीने येईल, हॉलमध्ये बसल्यावर कळून काय उपयोग. आणि मराठीच्या परीक्षेत इनस्क्रिप्ट नसेल असं तर व्हायलाच नको.

तुम्हालाही एक विनंती. जमलं तर पुरवणीत एखाद्या रविवारी इनस्क्रिप्टचं मोठं, स्पष्ट चित्र छापा, दोन्ही स्थितींचं, शिफ्ट न धरता आणि शिफ्ट धरून. कापून स्क्रीनखाली लावता येईल एवढ्या मापाचं. शिकायची इच्छा असणारे खूप आहेत, बऱ्याच जणांचं अडतं ते फक्त समोर चित्र नाही म्हणून.

आपली,
एक नियमित वाचक